दुपारची डुलकी: चेन्नईचा अभ्यास आणि आपली ऑफिसं

पेंगुळवाणा

मंडळी, रात्री अर्धा तास जास्त झोपा म्हणजे दुसऱ्या दिवशी कामाचा उरक वाढतो हे आपण येताजाता ऐकतो, व्हॉट्सॅपवर त्याचा आठवड्याला एक तरी फॉरवर्ड असतोच. पण हे भारतातल्या कमी कमाईच्या माणसांवर, त्यांच्या स्वतःच्या घरात, खरोखर तपासून पाहिलंय लोकांनी. पेड्रो बेसोने, गौतम राव, फ्रँक शिलबाख, हेदर स्कोफील्ड आणि मॅटी टोमा असे पाच जण, अभ्यास चेन्नईतला, २०२१ साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये छापून आलाय. इथे त्यावर धागा दिसला नाही म्हणून मीच काढतो.

केलं काय तर ४५२ माणसांना डेटा एंट्रीचं काम दिलं, साधारण महिनाभर, जितकं आणि जितकं बिनचूक टाइप कराल तितके पैसे. मनगटाला घड्याळासारखं यंत्र, ते हालचालीवरून झोप मोजतं, म्हणजे "मी रात्रभर टक्क जागा होतो हो" हे सांगण्यावर काही नाही. पहिला धक्का इथेच, ही माणसं अंथरुणात ८ तास असतात आणि त्यातले झोपतात फक्त साडेपाच तास. उरलेले अडीच तास कुशी बदलणं, डास, उकाडा, रस्त्यावरचे हॉर्न, शेजारचा टीव्ही. झोपेचे आजार असलेल्या लोकांची झोप जशी तुटक असते तशी यांची रोजची.

मग काहींना तीन आठवडे मदत दिली. गादी, उशी, डोळ्यांवरची पट्टी, कानातले बोळे, टेबल फॅन, वर झोपेबद्दल माहिती आणि पाठपुरावा, काहींना तर जास्त झोपल्याबद्दल पैसे. झोप वाढली का तर वाढली, रात्री सरासरी २७ मिनिटं. आणि कामावर परिणाम? काही नाही. वेग, अचूकता, लक्ष, निर्णय, मूड, कशातच फरक दिसला नाही, उलट कामाचे तास किंचित कमी झाले कारण माणसं अंथरुणात जास्त वेळ राहायला लागली. संशोधकांनी आधी तज्ज्ञांना अंदाज विचारले होते, त्यांनी भरघोस फायदा सांगितला होता, तो सगळा चुकला.

आता गंमत. त्याच लोकांपैकी काहींना ऑफिसातच दुपारी अर्धा तास झोपायची सोय दिली. शांत जागा, पंखा, आडवं व्हायची व्यवस्था. त्यांचं मात्र सुधारलं, काम, लक्ष, मन तिन्ही. रात्रीच्या २७ मिनिटांनी जे झालं नाही ते दुपारच्या छोट्याशा झोपेने झालं.

माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडे झोपेवर जे काही बोललं जातं ते सगळं माणसाला उद्देशून असतं, तू लवकर झोप, तू मोबाइल बाजूला ठेव. मालकाला उद्देशून कोणी काहीच बोलत नाही. बोला.

---

पेठेतला_पाहुणा

आम्ही हे शतकानुशतकं करत आलोय, दुकानावर पाटी लावून १ ते ४. जगाने हसून घेतलं. आता क्वार्टर्ली जर्नलात आलं म्हणे. अभिनंदन.

(हलके घ्या)

---

आकडेमोड

धागा चांगला, पण जरा ब्रेक लावतो. दुपारच्या झोपेचा एकत्रित फायदा त्या पेपरात ०.१२ प्रमाण विचलन इतका आहे, म्हणजे माणसामाणसांत एरवी जो फरक असतो त्याच्या साधारण आठव्या हिश्शाएवढा. हा आकडा खरा आहे पण छोटा आहे, कोणी "झोपा आणि दुप्पट काम करा" असा मथळा देऊ नये.

दुसरं म्हणजे रात्रीची झोप निरुपयोगी असा अर्थ कृपया काढू नका. त्यांची झोप वाढली ती अंथरुणात जास्त वेळ पडून राहिल्यामुळे वाढली. झोपेचा दर्जा सुधारलाच नाही, ती होती तशीच तुटक राहिली. म्हणजे तुटक झोपेत आणखी २७ मिनिटं तुटक झोप घातली तर काय होतं याचं हे उत्तर आहे. सलग झोप मिळाली असती तर काय झालं असतं ते या अभ्यासातून कळत नाही, आणि कानातले बोळे देऊन चेन्नईच्या एका खोलीतल्या पाच माणसांची झोप सलग होत नाही हे मात्र कळतं. तिसरं, तीन आठवडेच. चौथं, काम डेटा एंट्रीचं, क्रेन चालवणाऱ्यावर हेच लागू होईल असं नाही.

आणि धागाकर्त्याने एक महत्त्वाची गोष्ट गाळली. दुपारी झोपणाऱ्यांची कमाई त्या वेळात नुसतं बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त होती, पण त्या वेळात काम चालू ठेवणाऱ्यांपेक्षा कमी होती. अर्धा तास गेला तो गेला, नंतरच्या वेगाने तो सगळा भरून निघाला नाही.

---

पेंगुळवाणा

@आकडेमोड, गाळली नाही, पुढच्या प्रतिसादासाठी ठेवली होती, तुम्ही घाई केलीत 🙂 हाच तर मुद्दा आहे ना, तो अर्धा तास कोणाच्या खिशातून जाणार. नगावर पैसे मिळणाऱ्या बाईला सांगितलं झोप, तर ती स्वतःचे पैसे घालवून झोपणार. पगारी माणूस झोपला तर मालकाचा वेळ. चेन्नईच्या निकालाचा हा भाग कोणी पुढे पाठवत नाही.

---

वैद्य_तात्या

दिवास्वाप, म्हणजे दिवसा झोपणं, आयुर्वेदात निषिद्ध आहे. कफ वाढतो, अग्नी मंद होतो. ग्रीष्म ऋतूत, तसंच वृद्ध, बालक, थकलेले, रात्री जागलेले यांना सवलत दिलेली आहे. बाकीच्यांनी जेवणानंतर शतपावली करून डाव्या कुशीवर थोडा वेळ लवंडावं, झोपू नये. वामकुक्षी म्हणजे ढाराढूर घोरणं नव्हे.

---

नागपुरी_संत्रा

तात्या, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जाते, ग्रीष्मच ग्रीष्म. बारा ते चार रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, काम कोण करून राह्यलं भाऊ तेव्हा. माझे आजोबा शेतात पहाटे जायचे, दहा-अकराला परत, जेवून आडवे, मग चारनंतर पुन्हा शेतात. त्यांना काही रिसर्च पाठवला नव्हता कोणी. आता तोच माणूस बिल्डिंगच्या साइटवर लागला की ठेकेदार म्हणते, जेवायची सुट्टी अर्धा घंटा, झोपला तर हजेरी कटते.

---

स्टेथोवाला

जनरल फिजिशियन आहे म्हणून दोन शब्द.

दुपारी येणारी पेंग ही भातामुळे येते हा लाडका समज. जेवण जड असेल तर भर पडते हे खरं, पण जेवण दिलं नाही तरी त्या वेळेला बऱ्याच लोकांची सतर्कता खाली येते असं प्रयोगांत दिसलंय. शरीराच्या चोवीस तासांच्या घड्याळात तिथे एक खळगा असतो. त्यामुळे ऑफिसात साडेबाराला सॅलड खाऊन अडीचला डोळे मिटायला लागले तर स्वतःला शिव्या देऊ नका.

दुसरी बाजू. रोज तास-दीड तास दुपारी झोपणाऱ्यांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळतात असे मोठे पाहणी अभ्यास आहेत. यात कोंबडी आधी की अंडं ते सांगणं अवघड, आजारी माणूसच जास्त झोपतो. पण माझ्याकडे कोणी "हल्ली दुपारी दोन-दोन तास झोप येते, तरी ताजं वाटत नाही" म्हणत आलं तर मी आधी विचारतो रात्री घोरता का, बायकोला विचारून सांगा. मग साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन. निम्म्या वेळा काहीतरी सापडतंच. वीस मिनिटांची डुलकी ही वेगळी गोष्ट.

---

रातपाळी

नर्स आहे, सतरा वर्षं सरकारी आणि खाजगी दोन्ही पाहिलंय. नाव-गाव काढत नाही.

रात्रपाळीत पहाटे तीन ते पाच या वेळात काय होतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. सलाइनच्या बाटलीवरचं नाव वाचताय आणि शेवटच्या अक्षरापर्यंत पोचेपर्यंत पहिलं विसरलेलं असतं. आम्ही काय करतो, दोन खुर्च्या समोरासमोर, एकीवर बसायचं एकीवर पाय, अंगावर ड्रॉशीट (पेशंटखाली घालायची चादर), आणि जोडीदारणीला सांगायचं पंधरा मिनिटांत उठव गं. हे सगळं चोरून. मेट्रन राउंडला आली की खुर्च्या सरळ. एकदा एका नव्या मुलीला अशीच झोपलेली पकडलं आणि मेमो दिला, त्या रात्री अख्खा वॉर्ड तिच्या एकटीकडे होता, ते मेमोत नव्हतं.

विमानाच्या पायलटांना काही देशांत हे अधिकृत दिलेलं आहे हे वाचलं तेव्हा हसावं की रडावं कळेना.

---

आकडेमोड

ताई, ते नासाचं. १९९४ चा अहवाल, रोझकाइंड आणि सहकारी. पॅसिफिकवरच्या लांबच्या फ्लाइट, तिघांचा क्रू, एकेकाला आळीपाळीने कॉकपिटमधल्या सीटवरच ४० मिनिटांची संधी, त्यात सरासरी २६ मिनिटं झोप लागली. विश्रांती न मिळालेल्या क्रूच्या मानाने ते शेवटच्या टप्प्यात, लँडिंगच्या आधी, बरेच सतर्क राहिले. सगळीकडे फिरणारा "२६ मिनिटांची नॅप" हा आकडा तिथूनच आलाय. २६ मध्ये जादू काही नाही, ती फक्त सरासरी.

आणि तुम्ही लिहिलंत तो भाग महत्त्वाचा आहे, तिथे उठवायला आणि काम बघायला दुसरी माणसं ठरवून दिलेली होती. डुलकीला माणूसबळ लागतं.

---

एचआरवाली

मी या खात्यात असल्यामुळे शिव्या खायला तयार होऊन लिहिते.

२०२२ च्या मे महिन्यात बंगळुरूच्या वेकफिटने जाहीर केलं की रोज २ ते २:३० हा कर्मचाऱ्यांचा झोपेचा अधिकृत वेळ. लगेच आमच्या मॅनेजमेंटनेही विचारलं आपण काय करू शकतो (वेकफिट गाद्या विकते, त्यांना ते शोभतं, हे मी मीटिंगमध्ये बोलले नाही). झालं काय, तर जिन्याखालच्या खोलीत तीन बीनबॅग, भिंतीवर ढगांचं स्टिकर आणि दाराला काच. काच! आतला दिवा सेन्सरवर, कुणी कूस बदलली की भक्कन लागायचा. आणि ती खोली सेल्सच्या बसायच्या जागेसमोर, त्यामुळे बाहेर येणाऱ्याला "काय, झाली का झोप?" हे ऐकल्याशिवाय जाता यायचं नाही. काही महिन्यांनी तिथे दिवाळीच्या गिफ्टचे खोके आले ते अजून आहेत.

त्यापेक्षा सोपं आणि स्वस्त म्हणून झोपेचं अ‍ॅप घेतलं, माइंडफुलनेसचं वेबिनार ठेवलं. यावरही अभ्यास आहे बरं का. ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग, २०२४, ब्रिटनमधल्या २३३ संस्थांमधले ४६,३३६ कर्मचारी. अ‍ॅप, रेझिलियन्सचं (अडचणीत टिकून राहण्याचं) ट्रेनिंग, ताण कसा हाताळावा याचे वर्ग, असल्या उपक्रमांत भाग घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात मानसिक स्वास्थ्याचा म्हणावा असा फरक दिसला नाही. अपवाद स्वयंसेवी कामाचा, तिथे थोडा चांगला दिसला. हा पाहणी अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नाही, तरी मी तो पीडीएफ वर पाठवला. उत्तर आलं, "थँक्स फॉर शेअरिंग".

धागाकर्ता म्हणतो ते खरं आहे. माणसाला सुधारा हे स्वस्त पडतं, कामाचं वेळापत्रक सुधारा हे महाग पडतं.

---

कर्जत_लोकल

झोपेवर चर्चा चालू आहे आणि प्रवासावर कोणी बोललंच नाही. ५:२० ला उठायचं कारण पाणी तेव्हाच येतं, ६:४० ची गाडी, रात्री नवाला घरात. साडेपाच तास झोप हे चेन्नईचं दुःख ऐकून मला तर "अरेच्चा, आपल्याइतकेच" असं झालं. माझी दुपारची डुलकी म्हणजे सकाळची गाडीतली, उभ्याने, दांड्याला हात अडकवून. बदलापूर ते ठाणे पत्ता नसतो.

घरून काम दिलं तर दोन तास वाचतील असं सांगितलं तर साहेब म्हणतात घरी लोक झोपतात. अहो झोपू द्या ना!

---

एचआरवाली

@कर्जत_लोकल, तुमच्या साहेबांना चीनच्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास-बुकिंगच्या कंपनीतला प्रयोग दाखवा. निकोलस ब्लूम वगैरे, २०२४, 'नेचर'मध्ये. १,६१२ कर्मचारी, चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना आठवड्यात दोन दिवस घरून काम. दोन वर्षं पाहिलं, कामाच्या मूल्यांकनात आणि बढत्यांत फरक नाही, नोकरी सोडून जाणं मात्र एक तृतीयांशाने कमी, आणि तेही लांबून येणाऱ्यांत आणि बायकांत जास्त ठळक. मॅनेजरांना आधी वाटत होतं काम घसरेल, नंतर त्यांचं मत बदललं.

पण लगेच उड्या नको, चेन्नईतच डेटा एंट्रीच्या कामावर दुसरा एक प्रयोग झाला, अ‍ॅटकिन, शोआर आणि शिंदे यांचा, २०२३. तिथे पूर्ण वेळ घरून काम दिलेल्यांचा उरक ऑफिसवाल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी निघाला. लहान घर, गडबड, मुलं. दोन दिवस आणि पाचही दिवस यात फरक आहे, आणि घर कसलं यातही.

---

हळदकुंकू

सगळे ऑफिसातल्या झोपेवर बोलताय म्हणून मी घरातल्या झोपेवर बोलते.

घरी असणाऱ्या बाईने दुपारी अर्धा तास डोळा मिटला की ती "झोपा काढते". नवरा रविवारी जेवून तीन तास घोरतो ते "दमलाय बिचारा". माझ्या सासूबाई, देव त्यांना शांती देवो, आयुष्यात कधी दुपारी पलंगावर झोपल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी लादीवर, हाताची उशी, पदर तोंडावर, आणि दाराची कडी वाजली की पहिलं वाक्य "मी जागीच आहे". कोणी काही विचारलेलंही नसायचं.

चेन्नईच्या अभ्यासात यंत्र बांधून मोजलं ना, आमच्या घरात बांधा एकदा.

---

वैद्य_तात्या

हळदकुंकूताई, रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या स्त्रीला दिवसा झोपेची मुभा आहे, शास्त्रात थकलेल्यांना सवलत स्पष्ट दिलेली आहे.

---

हळदकुंकू

तात्या, शास्त्रात असेल हो. आमच्या घरात नव्हती.

---

तैवानी_पोहे

तैवानमधल्या शिंचूहून लिहितोय, इथे चिपच्या कंपनीत आहे. इथे दुपारी जेवण झालं की अख्ख्या मजल्याचे दिवे बंद. लोक टेबलाखालून उशी काढतात, काहींकडे घडीचा पलंग पण असतो, आणि डोकं टेकवून गप्प. शाळेतच सवय लावतात, जेवणानंतर पोरं बाकावर डोकं ठेवून पडतात. पहिल्या आठवड्यात मी लॅपटॉप उघडून टाइप करत बसलो तर शेजारच्या बाईने इतकं नम्र डोळे वटारून पाहिलं की बास.

मुद्दा हा की इथे कुणाला झोपायची "परवानगी" लागत नाही, सगळे एकदम झोपतात म्हणून लाज नाही. एचआरवाली ताईंच्या काचेच्या खोलीत जो एकटा जाणार तो बिचारा उघडा पडणारच. आणि उगाच इथलं कौतुक करत नाही, हेच लोक रात्री नऊपर्यंत ऑफिसात असतात.

---

पेंगुळवाणा

वा, हे सगळ्यात पटलं. दिवे बंद करायला पैसेही पडत नाहीत.

आता नगावरच्या पैशांच्या मुद्द्यावर परत. ओडिशात एक प्रयोग झालाय, सुप्रीत कौर, सेंधिल मुल्लैनाथन, सुआना ओह आणि शिलबाख, हा शिलबाख चेन्नईवालाच. पत्रावळी लावणाऱ्या कामगारांवर, हंगामाच्या मंदीत, जेव्हा घरात पैसा नसतो तेव्हा. सगळ्यांना मजुरी सारखीच, फरक एवढाच की काहींना त्यातला मोठा हिस्सा आधी हातात दिला आणि काहींना सगळा शेवटी. आधी मिळालेल्यांचं काम साधारण ७ टक्क्यांनी वाढलं, गरिबांत जास्त, आणि पत्रावळी लावताना होणाऱ्या लक्ष नसल्याच्या चुकाही कमी. हातात आलेल्या पैशातून बहुतेकांनी आधी देणी फेडली. कुणी त्यांना एकाग्रता वाढवायचं शिबिर दिलं नव्हतं.

झोपेचंही तसंच असावं असा माझा संशय आहे. उद्या वाण्याचे पैसे कुठून द्यायचे हे डोक्यात असलेल्या माणसाला तुम्ही डोळ्यांवरची पट्टी देऊन किती झोपवणार.

---

आकडेमोड

संशय ठीक, पण पेपरातलं वाक्य म्हणून पुढे पाठवू नका. ओडिशात झोप हा मुद्दा नव्हता, पैशाची चिंता आणि लक्ष हा होता. दोन अभ्यास शेजारी ठेवले की आपोआप जोडले जात नाहीत.

---

नागपुरी_संत्रा

आकडेमोड भाऊ, तुमच्या घरी लग्नात पंगतीला पण हिशेब मागता काय बाप्पा 😄 पण ते मजुरी आधी देण्याचं मले पटलं. आमचा ठेकेदार शनिवारचे पैसे बुधवारी देते, मधले तीन दिवस पोरं नुसती फोनवर, कुठून उसने मिळतात पाहून राह्यली असते.

---

गूळपोळी

वाखु (वाचनखूण) साठवली. एक प्रॅक्टिकल प्रश्न, ज्यांना दुपारी झोप मिळते त्यांनी किती झोपावं? मी अर्धा तास झोपले की उठल्यावर डोकं जड, माणसं ओळखू येत नाहीत.

---

स्टेथोवाला

त्याला झोपेची गुंगी म्हणा. ऑस्ट्रेलियात ब्रूक्स आणि लॅक यांनी २००६ मध्ये ५, १०, २० आणि ३० मिनिटांच्या डुलक्या शेजारी ठेवून पाहिल्या होत्या, २४ तरुण मंडळी, आदल्या रात्री मुद्दाम कमी झोपवलेली. १० मिनिटांची सगळ्यात बरी, उठल्याउठल्या तरतरी आणि ती दोन-अडीच तास टिकली. ३० मिनिटंवाले आधी काही काळ गुंगीत, मग सुधारले. चोवीसच माणसं आहेत म्हणून फार ताणू नका (आकडेमोड यायच्या आत लिहून टाकतो), पण पेशंटांना मी १५-२० मिनिटांचा गजर सांगतो, आणि तीनच्या आत. संध्याकाळी पाचला झोपलात तर रात्री बारापर्यंत छत बघा.

चहाबाजांसाठी, लफबरो विद्यापीठात रेनर आणि हॉर्न यांनी १९९७ मध्ये पेंगुळलेल्या ड्रायव्हरांना आधी कॉफी पाजली आणि लगेच पंधरा मिनिटांच्या आत डुलकी घ्यायला लावली, सिम्युलेटरवर त्यांच्या चुका खूप कमी झाल्या. कॉफी भिनायला जो वेळ लागतो तेवढ्यात झोप उरकते. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेला रात्री जाणाऱ्यांनी फूड मॉलला थांबून हे जरूर करावं, गाणी मोठ्याने लावून आणि खिडकी उघडून काही होत नाही.

---

रातपाळी

डॉक्टर, पंधरा मिनिटं गाडीवाल्याला सांगितलीत, आता एकदा तुमच्या हॉस्पिटलच्या मॅनेजमेंटलाही सांगा. सिस्टरना तीन ते पाचमध्ये आळीपाळीने वीस मिनिटं, आणि तेवढ्या वेळेपुरती वॉर्डला दुसरी सिस्टर. लेखी.

---

स्टेथोवाला

सांगितलंय ताई. "स्टाफ कुठून आणू" हे उत्तर आलंय. रेसिडेंट डॉक्टरांसाठी पण मागितलं होतं, तेच उत्तर.

---

पेठेतला_पाहुणा

मला कळवा कुठे नोकरी मिळते ती तैवानवाली. तोवर १ ते ४ फोन करू नये.